माल कुठला?

मार्केट यार्डाच्या फळबाजारात एका गाळ्यावर मी एकोणीस वर्षं हिशेब लिहितेय. आधी चोपडीत, आता संगणकात. संगणकातल्या पावतीत एक रकाना आहे, ‘माल कुठला’. तो रिकामा सोडला तर पावती पुढे सरकत नाही. चोपडीच्या काळी ही कटकट नव्हती. सफरचंद असलं की सरळ ‘दिल्ली’ लिहायचं, कारण ट्रक दिल्लीच्या आझादपूर मंडईतून भरून यायचा. झाड काश्मीरमधल्या सोपोरचं असो, शिमल्याकडचं असो नाहीतर आणखी लांबचं, पुण्यात उतरताना ते दिल्लीचं. माझे वडील याच बाजारात तोलणार होते. त्यांनी जन्मभर सफरचंदं तोलली, पण ती कुठल्या झाडाची हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

२०२५ साली मात्र तो एकच रकाना भरता भरता माझा जीव मेटाकुटीला आला.

सुरुवात मेमध्ये झाली. ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूनं उभा राहिला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं नाही असं ठरवलं. पहाटे पाचला, जेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा टीव्हीवाले कॅमेरे घेऊन हजर. ज्या देशात २०२३च्या फेब्रुवारीत भूकंप झाला तेव्हा आपण ‘ऑपरेशन दोस्त’ म्हणून माणसं पाठवली, लष्कराचं इस्पितळ उभं केलं, त्यानं असं वागावं याचा राग सगळ्यांना होता. मलाही होता. पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला रागाच्या खालोखाल दुसरी गोष्ट दिसते. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोनशेच्या वर तुर्की पेट्या पडून होत्या आणि त्यांचे पैसे कधीच चुकते झाले होते. बहिष्कार पुढच्या मालावर घालता येतो. घरात आलेल्या मालाचं काय करायचं?

शेठ दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, पडेल भावानं काढा." किरकोळवाल्यांनी माल उचलला आणि तिथंच कट्ट्यावर बसून अंगठ्याच्या नखानं एकेका फळावरचं स्टिकर सोलायला घेतलं. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. मी माझ्या खिडकीतून पाहत होते. इतक्या मन लावून काही सोललं जाताना मी फक्त लग्नघरात लसूण पाहिलाय.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संदेश फिरला की स्टिकरवरचा आकडा ८६९ नं सुरू होत असेल तर फळ तुर्की. हा आकडा बारकोडचा. तो डब्यावर, पुड्यावर असतो आणि कुठल्या देशात त्या कंपनीची नोंद आहे एवढंच सांगतो. सुट्या फळावरच्या चिकटीवर साधारण चार आकडे असतात आणि त्यातून फक्त जात नि आकार कळतो. ४१३१ म्हणजे मोठं फुजी, ४०१६ म्हणजे मोठं रेड डिलिशस. मग ते वॉशिंग्टनचं असो की इराणचं. मी हे ग्रुपवर लिहिलं तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही विकता का तुर्की?" मी ग्रुप म्यूट केला.

बरं, तुर्कस्तान काही आपला शेजारी नव्हे. शेजाऱ्यांची भानगड निराळीच.

माझा भाचा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो. रविवारी जेवायला येतो आणि पोळीच्या घासागणिक मला प्रश्न विचारतो. एकदा विचारलं, "मावशी, भारताची जमिनीवरची हद्द किती देशांना लागते?" मी बोटं मोजली. पाकिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार. सहा. म्हणाला, "सात. अफगाणिस्तान राहिला. एकशे सहा किलोमीटर." ती हद्द पाकव्याप्त काश्मीरच्या टोकाला, वाखानपाशी. कागदावर आपली, प्रत्यक्षात आपला माणूस तिथं उभाही राहू शकत नाही. भाच्याला तो एक मार्काचा प्रश्न. मला मात्र आमच्या धंद्याचं अर्धं गणित त्यात दिसलं.

कारण असं. परदेशी सफरचंदावर पन्नास टक्के आयात शुल्क. २०२१च्या अर्थसंकल्पात त्याचे तुकडे केले, पंधरा टक्के मूळ शुल्क आणि पस्तीस टक्के कृषी अधिभार, पण बेरीज तीच. अफगाणिस्तान मात्र सार्कमधला, त्यामुळे दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार करारात त्याच्या सफरचंदावर शुल्क शून्य. आणि अफगाणिस्तानच्या पश्चिमेला, भिंतीला भिंत लागून, इराण. सफरचंदाचं मोठं कोठार. आता तुम्हीच सांगा, इराणातून निघालेल्या ट्रकानं समुद्राच्या वाटेनं न्हावा-शेवाला येऊन पन्नास टक्के भरायचे, की वाटेत एक सीमा ओलांडून, तिथला दाखला घेऊन, पाकिस्तानातून वाघा-अटारीला शून्यानं उतरायचं? काश्मीर आणि हिमाचलचे बागायतदार वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आले की अफगाण म्हणून जे येतं त्यात इराणी किती, ते कुणी बघत नाही.

२०२१च्या जानेवारीत आमच्याकडे दिल्लीहून थोडी खोकी आली. कागदावर अफगाण. माल देखणा, लालभडक, मेण चढवलेला. खोक्याच्या बाजूला आपल्याला न कळणाऱ्या लिपीत दोन ओळी नि एक साल. आमचं गिऱ्हाईक असलेले एक बागवान चाचा आहेत, कोंढव्यात गाडी लावतात. शाळा उर्दूत झालेली. वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मला अजून ‘बेटी’ म्हणतात. त्यांना दाखवलं. साल तेराशे नव्याण्णव. मी म्हटलं, "हे कुठलं साल? इराणचं का अफगाणचं?" ते म्हणाले, "दोन्हीकडं हेच चालतं." लिपी? "दोन्हीकडं हीच." मग फळाचं नाव वाचलं, तर तेही दोन्हीकडं एकाच अक्षरांत लिहितात.

एवढ्यावर मी विषय सोडला असता. चाचा सोडणाऱ्यातले नाहीत. पुण्यात इराणी विद्यार्थी आहेत, अफगाण विद्यार्थीही आहेत आणि कोंढव्यात दोघंही चाचांच्या गाडीवर येतात. चाचांनी खोक्याची ती बाजू फाडून गाडीला टांगली आणि आल्यागेल्याला वाचायला लावली. चार दिवसांनी मला निकाल सांगितला. इराणचा पोरगा वाचतो ‘सीब’. काबूलचा पोरगा तेच अक्षर वाचतो ‘सेब’, आपल्या हिंदीवाल्यांसारखं. आणि दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात, हे आमच्याकडचं.

म्हणजे सफरचंद बोललं असतं तरच देश कळला असता.

(जाता जाता. लहानपणी मला वाटायचं, सफर करून आलेला चंद्र म्हणून सफरचंद. जाणकार सांगतात की हा शब्द अरबी ‘सफरजल’वरून आलाय आणि सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच, बिहीचं फळ. गुजराती लोक ‘सफरजन’ म्हणतात ते तिथूनच. तेव्हा नावापासूनच घोळ आहे. दुसऱ्याच्या नावावर प्रवास करायची या फळाला जुनी सवय.)

८ मे २०२३ ला सरकारनं नवा नियम काढला. बंदरात किंवा सीमेवर पोचेपर्यंतची किंमत, भाडं-विमा धरून, किलोला पन्नास रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ते सफरचंद देशात घ्यायचं नाही. यातून फक्त भूतानला सूट. भूतानचं सफरचंद मी या गाळ्यावर उतरलेलं अजून पाहिलेलं नाही, पण नियमात त्या बिचाऱ्याचा मान राखलाय. मी त्या दिवशी मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. पन्नासाचं फळ समुद्रानं आलं तर वर पंचवीस शुल्क, झाले पंचाहत्तर. अटारीनं अफगाण म्हणून आलं तर पन्नासच. म्हणजे खालून दार लावलं, पण दोन दारांमधला पंचवीस रुपयांचा फरक जसाच्या तसा. शेठना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, हे दिल्लीला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला?" आणि चहा मागवला.

हा फरक २०२५च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत मिटला. २२ एप्रिलला पहलगाम झालं, दुसऱ्या दिवशी अटारी बंद करायचा निर्णय झाला. लगेच पाकिस्ताननंही आपल्या रस्त्यानं भारताशी चालणारा तिसऱ्या देशांचा व्यापार थांबवला. अफगाण माल मधेच लटकला. मेच्या मध्याला अडकलेले दीडशेच्या आसपास ट्रक खास बाब म्हणून सोडले, पण त्यात बहुतेक सुकामेवा. ताज्या फळाला थांबायला वेळ कुठे असतो! जूनमध्ये इराण आणि इस्राएलचं बारा दिवसांचं युद्ध झालं आणि तिकडच्या मालाचा भरवसा गेला. म्हणजे जानेवारीत माझ्या रकान्यात तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असे तीन देश होते. जूनअखेर तिघांच्याही पुढे प्रश्नचिन्ह.

याहून विचित्र हिशेब मी फक्त ऐकलाय, लिहिलेला नाही. काश्मीरच्या नियंत्रण रेषेवरून व्यापार चालायचा, आठवतं का? २१ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला. उरीकडून पहिल्या दिवशी पलीकडे गेलेल्या ट्रकांत सफरचंदं होती. श्रीनगरहून मुझफ्फराबादला. गंमत म्हणजे या व्यवहारात पैसाच नव्हता. बँक नाही, हुंडी नाही, रुपया नाही. माल द्यायचा, बदल्यात माल घ्यायचा. शुल्कही नाही, कारण शुल्क घेतलं तर ती सरहद्द आहे असं मान्य केल्यासारखं होईल, आणि ते दोघांनाही नको. आम्हाला माल पाठवणाऱ्या सोपोरच्या एका बागायतदारानं मला हे फोनवर सांगितलं होतं. मी विचारलं, "मग वहीत काय लिहायचा तुम्ही?" म्हणाला, "मॅडमजी, जो गया वो लिखते थे, जो आया वो लिखते थे. बीच में भरोसा." एप्रिल २०१९ मध्ये ते बंद केलं. शस्त्रं, अमली पदार्थ, खोट्या नोटा येतात असं कारण दिलं होतं. असेलही. पण पैशाच्या रकान्याशिवायची ती वही एकदा डोळ्यांनी बघायची माझी इच्छा राहिलीच.

चाचांच्या गाडीविषयी मात्र लिहायलाच हवं. त्यांच्या हातगाडीला एक लोखंडी दांडा आहे, वर दिवा लावायला. चाचा स्टिकर काढलं की फेकत नाहीत, दांड्याला चिकटवतात. उगाच, हाताला लागलेली सवय. कमरेपासून डोक्यापर्यंत दांडा स्टिकरांनी जाड झालाय, हात फिरवला तर माशाच्या खवल्यांसारखा लागतो. जुलैमध्ये एका पावसाळी दुपारी मी तिथं आडोशाला उभी होते, तेव्हा नखानं एक कोपरा उचलून पाहिला. वर तुर्कस्तान. त्याच्याखाली इराण. त्याखाली एक न्यूझीलंड, एक चिली. मग बराच वेळ काही सुटेना, आणि आत अमेरिकेचं वॉशिंग्टन. २०१९ च्या जूनमध्ये त्यावर वीस टक्के जास्तीचं शुल्क लावलं, पन्नासाचे सत्तर झाले आणि ते आमच्या बाजारातून दिसेनासं झालं. २०२३ मध्ये जास्तीचं शुल्क काढलं, पण तोवर त्याची जागा इराण-तुर्कस्ताननं घेतली होती. सगळ्यात खाली, लोखंडाला गंजासकट चिकटलेलं, चीनचं फुजी. तेच ते, जाळीचे पांढरे मोजे घालून यायचं. २०१७ मध्ये कीड सापडली म्हणून चिनी सफरचंद बंद झालं, ते आजवर.

मी म्हटलं, "चाचा, हे म्युझियमला द्या." ते म्हणाले, "दांडा दिला तर दिवा कुठं लावू?"

दांड्यावर एक गोष्ट मुळीच नाही, आणि ती माझ्या लक्षात यायला वेळ लागला. काश्मीर नाही, हिमाचल नाही. आपल्या फळाला बहुतेक वेळा स्टिकरच नसतं. सगळ्यात जास्त विकलं त्याचा तिथं पत्ता नाही.

आणि ऑगस्टपासून आम्ही सगळे त्याच्यावरच तर विसंबून होतो. तुर्कस्तान नको, अटारी बंद, इराणचं सांगता येत नाही, ठीक आहे, काश्मीर येतोय. शेठनी सोपोरच्या त्या बागायतदाराला उचल आधीच पाठवली होती. २७ ऑगस्टला गणपती. पाच फळांत एक सफरचंद लागतंच, गौरी-गणपतीत किरकोळवाले हात धुऊन मागे लागतात. ‘गाला’ जातीच्या सफरचंदांची गाडी २५ तारखेला निघाली, चारशे खोकी. एरवी पाच-सहा दिवसांत पुण्यात. गणपतीची सुरुवात हुकली तरी गौरी साधल्या असत्या.

त्याच सुमाराला पावसानं जम्मू-श्रीनगर महामार्ग उधमपूरजवळ खचला. ट्रक काझीगुंडला उभे. एक-दोन नाही, हजारांनी. हुंडेकरी, म्हणजे मालवाहतूकवाला, रोज सांगायचा, उद्या सुटेल. गौरी जेवल्या, विसर्जन झालं. हिमाचलच्या रस्त्यांचीही पावसानं दैना केली होती, त्यामुळे तिकडूनही आवक तुटपुंजी. इतकी वर्षं आपण शेजाऱ्यांशी वाद घालत होतो, कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही. आता आपल्याच घरातला माल आपल्याच घरात येईना. सप्टेंबरच्या मध्याला बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरला सफरचंदाची पार्सल रेल्वे सुरू झाली. चांगलं झालं, पण आमची गाडी रस्त्यातच होती आणि ती रेल्वेत चढवता येत नव्हती.

पितृपंधरवड्यात, १९ सप्टेंबरला पहाटे गाडी लागली. ताडपत्री सोडायच्या आधीच वास आला. सडक्या सफरचंदाचा वास पहिल्यांदा वाईट नसतो, सायडरसारखा, गोडसर आंबूस असतो. दुसऱ्या श्वासाला पोटात ढवळतं. वरच्या थरातली खोकी बरी होती. खाली जाऊ तशी पुठ्ठ्याची बुडं ओली. आमच्या हमाल मामांनी एक उचललं तर बूड तिथंच राहिलं आणि फळं त्यांच्या पायांवर पडली. मामा काही बोलले नाहीत. बाजूला झाले, डोक्याचा टॉवेल सोडून नाकाला बांधला आणि पुढचं खोकं खालून दोन्ही हात घालून, लहान मूल उचलावं तसं उचललं. बाकीच्यांनीही मग तसंच केलं. निवडायला दुपारचा एक वाजला. ‘कष्टाची भाकर’मधून जेवण मागवलं, पण त्या वासात घास कुणाला जाणार.

चांगली निघाली एकशे बावीस खोकी. डागी माल वेगळा काढून ज्यूसवाल्यांना. बाकीचं कचऱ्याच्या गाडीत.

मग माझं काम. पट्टी करायची, म्हणजे बागायतदाराला द्यायचा विक्रीचा हिशेब. ‘माल कुठला’ या रकान्यात काश्मीर लिहिलं, त्या वर्षी पहिल्यांदाच न अडखळता. नग चारशे. घट दोनशे अठ्ठ्याहत्तर. भाडं पूर्ण, कारण ट्रकवाल्याचा दोष नाही, तोही साडेतीन आठवडे गाडीत झोपलाय. हमाली पूर्ण, उलट जास्तच द्यायला हवी. उचल वजा. तळाचा आकडा उणे आला. उणे आकड्याची पट्टी मी याआधी फक्त दोनदा केलेली आहे.

शेठ म्हणाले, "उचल पुढच्या हंगामात बघू, आत्ता त्याला सांगू नका." मी म्हटलं, "पट्टी तर सांगावीच लागेल." ते म्हणाले, "मग तुम्हीच सांगा."

फोन लावला. तिकडे मागे मुलांचा गलका, कुठेतरी कोंबडा. मी एकेक आकडा सावकाश सांगितला. घटीचा आकडा त्यानं मला पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला.

"मॅडमजी," तो म्हणाला, "डिलिशस की तुड़ाई शुरू हो गई है. रस्ता अभी एक तरफ से खुला है. आप के यहाँ नवरात्र कब से है?"

मी म्हटलं, "सोमवारपासून."

"तो कल दो सौ भेजता हूँ," म्हणाला. "डब्बा इस बार लकड़ी का."